बिनशेपटीचा मारुती

"हौसा, ओवाळायचं ताट आण. देव आलाय!"

वहिनींची हाक आली तेव्हा मी साबुदाणा परतत होते. शनिवार होता, वहिनींचा उपास. गॅस बारीक केला, ताटात निरांजन आणि कुंकू ठेवलं आणि पोर्चमध्ये आले. ड्रायव्हर गाडीच्या डिकीतून एक खोकं उतरवत होता. साबणाच्या वड्यांचं खोकं, वरून सुतळीने करकचून बांधलेलं. देव दिसायच्या आधी देवाचा वास आला. गू, मूत, सडलेली जखम आणि त्या सगळ्यावर लाकडाचा धूर. मी पदर नाकाला लावला.

"नाक कसलं धरतेस? हात जोड," वहिनी म्हणाल्या.

ड्रायव्हरने सुतळी कापली. तळाशी एक काळं पोर बसलं होतं, तान्ह्या मुलाएवढं. काळा चेहरा, गुलाबी ओठ आणि कुणीतरी फणीने भांग पाडून दिल्यासारखे डोक्याच्या मधोमध दुभागलेले केस. कमरेला तार बांधलेली, ती मांसात रुतलेली आणि जखमेत अळ्या वळवळत होत्या. त्याने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. घ्या म्हणून.

कुणीच घेतलं नाही. वहिनींनी लांबूनच ओवाळलं.

पोतनीस साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले. त्यांनी खोक्यात डोकावलं आणि हसले. "अगं, मारुतीरायांना शेपूट लावायला विसरली की काय कंपनी?"

"तुटलं असेल. त्या राक्षसांनी कापलं असेल."

"हे माकड नाही. बोनोबो म्हणतात याला, चिंपांझीच्या भावकीतला. याच्या सात पिढ्यांत कुणाला शेपूट नव्हतं. आणि घरात ठेवणं गुन्हा आहे इथे."

"देव ठेवणं गुन्हा?" वहिनी म्हणाल्या. "मग आत देवघरात आहेत तेही पोलिसांना देऊन या."

साहेब पुन्हा हसले आणि चहा प्यायला आत गेले. घरात जे काही व्हायचं ते असंच व्हायचं. वहिनी ठरवायच्या आणि साहेब हसायचे.

हे सगळं आफ्रिकेतल्या किन्शासा शहरातलं. काँगो नदी तिथे एवढी रुंद आहे की पलीकडचं दुसऱ्या देशाचं शहर धुक्यात बुडालेलं दिसतं. साहेब तिथल्या साबणाच्या कारखान्याचे मॅनेजर होते. मी आटपाडीकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालंच नाही, म्हणून पुण्याला त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले आणि तिथेच पिकले. साहेबांची बदली परदेशी झाली तेव्हा वहिनी चारचौघांत म्हणाल्या, "हौसा येणार असेल तरच मी येते." त्या एका वाक्यावर मी किती दिवस फुगून चालले होते!

त्या पोराला वहिनींनी आदल्या शनिवारी बाजारात पाहिलं होतं. मी पिशव्या धरून मागेच होते. एक माणूस धुरावलेल्या मटणाचा ढीग मांडून बसला होता आणि ढिगाशेजारी हे पोर बांधलेलं. वहिनींच्या हातात उपासाची केळी होती. पोराने त्यांच्याकडे बघून हात पुढे केला. वहिनींचे डोळे भरून आले. "शनिवारी, उपासाच्या दिवशी, माझ्याकडेच हात केला त्याने," त्या गाडीत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी मात्र ढिगाकडे पाहत होते. ढिगात एक हात होता. धुराने काळा पडलेला, बोटं अर्धी मिटलेली, नखं जशीच्या तशी. माझ्या हातासारखा हात. पोराचं तोंड त्या हाताकडे होतं.

---

ड्रायव्हरने तार कापून काढली आणि जखम डेटॉलने धुतली. मग वहिनींनी पोराला गार पाण्याने स्नान घालायला लावलं, तेल चोपडायला लावलं आणि देशातून आणलेली शेंदराची पुडी सोडली. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी चमच्याच्या दांड्याने लांबूनच पोराच्या छातीला, दंडांना, कपाळाला फासला. काळं पोर भगवं झालं. पूर्वीच्या भाडेकरूंनी पोपटासाठी केलेला एक मोठा पिंजरा व्हरांड्यात होता. तो धुऊन त्यात पाट मांडला, पाटावर लाल कापड आणि त्यावर बजरंग. हे नाव वहिनींनीच ठेवलं.

"आता याला कुणी शिवायचं नाही," त्यांनी मला बजावलं. "ब्रह्मचारी आहे. बायकांनी तर नाहीच नाही."

पिंजऱ्यात केळी होती, पेढे होते, खोबरं होतं. पोर कशाला तोंड लावत नव्हतं. दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारून डुलत बसायचं आणि मधूनच पाखरासारखं बारीक किंचाळायचं. बाकी वेळ आपली बोटं चाटायचं. बोटांवरचा शेंदूर गेला की वहिनी नवा लावायच्या.

दोन दिवसांत त्याला हगवण लागली. पिंजरा धुवायचं काम माझं. सगळं पाटावर, लाल कापडावर, केसांत माखलेलं. मी श्वास कोंडून बादल्या ओतायची. देवाचं म्हणून करायची, पण खरं सांगते, उलटी यायची आणि त्या पोराचा राग यायचा.

घरात कपडे धुवायला एस्तेर नावाची बाई यायची. नदीच्या वरच्या अंगाच्या जंगलातली, सहा लेकरांची आई, जिभेने तिखट. दोन वर्षांत बाजारापुरती लिंगाला भाषा मला येत होती आणि एस्तेर मुद्दाम सावकाश बोलायची. दुपारी वहिनी झोपल्या की आम्ही मागच्या दारी बसायचो.

"तुमच्या देवाला मरायची घाई झालीय," एस्तेर म्हणाली.

"खात नाही त्याला मी काय करू?"

"ते पोर पोटाने उपाशी नाही. ही पोरं चार-पाच वर्षं आईच्या अंगावरून उतरत नाहीत. जमिनीला पाय माहीत नसतो त्यांना. उचल त्याला."

"शिवायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि मला किळस येते बाई."

"किळस!" एस्तेरने साहेबांचा शर्ट दगडावर आपटला. "बाजारात तू तो हात पाहिलास म्हणालीस ना? तो कुणाचा होता वाटलं तुला? आई जिवंत असताना हे पोर कुणाच्या बापाला सुटत नाही. आईला गोळी घालायची, तिच्या मावश्या आडव्या येतात, त्यांना घालायची, मग पोर सोडवायचं. मोठ्यांचं मटण, धाकट्याची किंमत. तुझ्या बाईने त्या माणसाला पुढच्या खेपेचं पेट्रोल दिलं."

मला तो हात आठवला आणि पोराचं त्याच्याकडे वळलेलं तोंड.

"आमच्या गावात यांना कुणी खात नाही," एस्तेर म्हणाली. "म्हातारे सांगायचे, हे आपलेच, जंगलात मागे राहिलेले. चांगले ते मागे राहिले, उपद्व्यापी तेवढे गावात आले."

तिने हात पुसले, उठली, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मी नको नको म्हणत असताना पोर उचलून माझ्या अंगावर टाकलं.

पोराने मला पकडलं. चार हातांनी पकडल्यासारखं, कारण त्याच्या पायांनाही हातासारखीच पकड होती. तोंड माझ्या गळ्याशी खुपसलं. घाणीने माझं लुगडं भरलं, शेंदूर लागला, वास तर विचारू नका. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याचं किंचाळणं थांबलं. दुधाच्या पावडरीची बाटली एस्तेरने आणून धरली, तर गटगट प्यायलं. पिताना पोट माझ्या पोटाला घाशीत राहिलं.

"हे काय करतंय?"

"भ्यालं की करतात. आनंद झाला तरी करतात. भांडण झालं की करतात, भांडण मिटलं की करतात. तुम्ही नमस्कार करता, हे अंगाला अंग लावतात." एस्तेर हसली. मग वाकून पाहिलं आणि आणखी मोठ्याने हसली. "तुमचा ब्रह्मचारी पोरगी आहे गं!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पण त्या दिवसापासून दुपारी मी तिला घ्यायचे. मनातल्या मनात ठकी म्हणायचे. वहिनी उठायच्या आत तिला सोडवून पाटावर ठेवायचं हे सगळ्यांत अवघड काम होतं. एक हात सोडवावा तर दुसरा धरायचा.

---

पुढच्या शनिवारी वहिनींनी किन्शासातली आपली सगळी मंडळी बोलावली. व्हरांडा भरला. रेगेकाका नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते, मुलाकडे आलेले. ते हौसेने पूजा सांगायचे. झांजा, घंटा, टाळ्या, आरती. ठकी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती. शेंदराच्या आतला चेहरा सुकलेला, डोळे गढुळलेले. मी मागे उभी होते. तिने मला पाहिलं आणि हात वर केले.

"पाहा, आशीर्वाद देतोय!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले.

रेगेकाका हार घालायला पुढे झाले. त्यांनी दार उघडलं आणि कुणाला काही कळायच्या आत ठकी त्यांच्या छातीवर. गळ्याला मिठी. घंटा वाजतच होती, ठकी थरथर कापत होती. आणि भ्यालेलं पोर करतं तेच तिने केलं. पोट त्यांच्या पोटाला लावलं आणि घासायला लागली.

आधी हशा झाला. मग कळलं तसतसा तो थांबला. बायकांनी तोंडं फिरवली. एकीने मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"शी, शी, शी! काढा हो हे!" रेगेकाका ओरडत होते. ड्रायव्हरने तिला ओढून काढलं, पाय धरून उलटं लटकावलं. आता सगळ्यांनाच दिसलं.

"अहो, ही मादी आहे!" रेगेकाका म्हणाले. "वहिनी, मादी आणून बसवलीत पाटावर?"

वहिनींचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांना देव खोटा निघाल्याचं दुःख नव्हतं. चारचौघांत नाक कापलं गेलं होतं. मंडळींनी प्रसाद मात्र घेतला. पानं वाढली होती, ती टाकून कोण जाईल? जेवताना बोलणं तेच. माणसं घास घेत होती आणि त्या लेकराने काय केलं ते एकमेकांना डोळे मिचकावून सांगत होती. बायकांना ऐकू जाईल इतपत हळू. एकाने तर नक्कल केली. मी शिरा वाढत होते. हातातलं पातेलं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. त्याच्या मिशीला शिऱ्याचं तूप लागलं होतं. ते तूप मला अजून दिसतं.

मंडळी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढा. असली घाणेरडी जात! आणलं होतं तिथे नेऊन द्या."

साहेब दातात काडी घालत होते. "तो परत कशाला घेईल? घेतलं तर तासाभरात कापून विकेल. आणि माझं नाव बाजारभर होईल ते वेगळंच. पोत्यात घाला आणि नदीला द्या. संपलं."

"काय करायचं ते करा. मला दिसू नका देऊ."

साहेबांनी काडी थुंकली आणि माझ्याकडे पाहिलं. "हौसा, तू आणि ती धोबीण मिळून बघा ते."

पोतं त्यांनीच दिलं. साबणाच्या कारखान्याचं, कोरं.

---

एस्तेर मला नदीकडे नेईनाच. शहराबाहेर, टेकड्यांच्या अंगाला अशा अनाथ पोरांचा सांभाळ करणारी एक वाडी होती. तिची मावसबहीण तिथे कामाला. आम्ही खचाखच भरलेल्या व्हॅनमध्ये बसलो. पोतं माझ्या मांडीवर आणि पोत्यात ठकी. माणसं नाकं दाबून आम्हाला शिव्या देत होती. फाटकावरची पाटी मला वाचता येत नव्हती, तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. एस्तेरने वाचून दाखवली.

तिथली प्रमुख जोसेफीन नावाची उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने ठकीला माझ्या अंगावरच तपासलं, सोडवलं नाही. तोंड उघडून पाहिलं, पोट दाबलं.

"हे भगवं काय आहे?"

"शेंदूर. देवाला लावतात."

तिने तो बोटावर घेऊन पाहिला, काचेच्या पट्टीवर लावला. तपासून आली तेव्हा तिचा चेहरा दगड झाला होता. "यात शिसं आहे. विष. पोर आठवडाभर हे चाटतंय?"

मी मान खाली घातली. तो माझ्या गावच्या मारुतीलाही लावतात. दगडाला लावतात. दगड चाटत नाही.

"औषध देते," जोसेफीन म्हणाली. "पण औषधाने अर्धंच होईल. प्यायला हवं, आणि ती फक्त तुझ्या अंगावर पितेय. इथे प्रत्येक पोराला एक आई देतो आम्ही. हिने तुला निवडलंय. पोट थाऱ्यावर येईपर्यंत तू हललीस तर ही जाईल. असं बघितलंय मी."

"मला संध्याकाळी स्वयंपाकाला जायचंय."

एस्तेर कपाळावर हात मारून म्हणाली, "बघ गं बघ. तिची बाई तिच्या अंगावर ताट फेकते आणि ही ताट विसळून परत नेऊन देते!"

त्या रात्री मी घरी गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एस्तेरने घरी जाऊन सांगितलं की हौसाबाईंना ताप आहे.

त्या वाडीत मोठ्यांचा कळप कुंपणाच्या आत जंगलात होता. दिवसातून दोनदा उसाचे तुकडे आणि पपया टाकत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळ्यांवर पदर घेतला. खाणं दिसताच सगळे कालवा करत धावले आणि खायच्या आधी एकमेकांच्या अंगाला अंग लावायला लागले. बायका बायकांशी, म्हाताऱ्या तरण्यांशी. कसला धरबंध नाही. तिथल्या बायका माझ्याकडे बघून पोट धरधरून हसल्या.

"शी! लाजच नाही बाई."

"लाज नाही आणि रक्तही नाही," जोसेफीन म्हणाली. "बघत राहा."

मी बोटांच्या फटीतून पाहिलं. पपया आधी माद्यांनी घेतल्या. एक दांडगा नर हात पसरून आपल्या म्हाताऱ्या आईशेजारी बसला होता. तिने दिलं तेवढंच त्याला मिळालं. कुणी कुणाला चावलं नाही.

"नदीच्या पलीकडे यांचे चुलत भाऊ राहतात, चिंपांझी," जोसेफीनने सांगितलं. "पोहता दोघांनाही येत नाही. नदी मधे आली आणि घर फुटलं, लाखो वर्षांपूर्वी. पलीकडे नरांचं राज्य. ते टोळ्या करून मारामाऱ्या करतात, पोरंसुद्धा मारतात. अलीकडे खायला मुबलक होतं, त्यामुळे माद्यांना एकत्र राहता आलं, असं शिकलेली माणसं म्हणतात. लेक मोठी झाली की दुसऱ्या कळपात जाते, तुमच्या-आमच्यासारखीच सासरी. पण तिथे ती नवऱ्याला धरून राहत नाही. म्हाताऱ्या बायकांना धरून राहते."

तेवढ्यात एका मोठ्या मादीने एका पोरसवद्या नराला फडकन मारलं. तो किंचाळत लांब जाऊन बसला. जरा वेळाने मारणारीच उठली, त्याच्याजवळ गेली, त्याचं बोट आपल्या तोंडात धरलं. दोघं गळ्यात गळा घालून बसली.

"मारणारी गेली आधी?" मी विचारलं.

"कधी ती जाते, कधी मार खाल्लेला जातो. पण दुसरा हात पुढे करतोच."

मला ते लाघवी वाटलं. ठकीच्या पाठीवर हात फिरवत मी बसले होते. त्या दिवशी तिने दुधाची आख्खी बाटली संपवली आणि ओकली नाही. पोट थाऱ्यावर यायला लागलं होतं.

---

त्याच दिवशी दुपारी साहेबांची गाडी फाटकाशी आली. वहिनी उतरल्या. जरीकाठाची साडी, हातात तबक, तबकात नारळ, हार आणि शेंदराची वाटी.

"हौसा!" त्या धावतच आल्या. "ताप आहे म्हणून ती खोटं बोलली ना? ड्रायव्हरने शोधून काढलं तुम्हाला. जाऊ दे. अगं, आपलं गोदाम जळालं. सगळा माल. रेगेकाका म्हणाले, कोप झाला. नर असो, मादी असो, पाटावर बसवलेलं होतं, ते उठवलं आपण. घे त्याला. घरी चल."

जोसेफीन मधे आली. तिने मला सांगितलं, मी वहिनींना सांगितलं, की प्राणी परत मिळणार नाही. कायदा आहे. जास्त बोलाल तर साहेबांना आत घालतील.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बरं, नका देऊ. मला फक्त शेंदूर लावू द्या. पाया पडते, क्षमा मागते, की मी सुटले."

"वहिनी, त्या शेंदरानेच ती मरायला टेकली होती. विष असतं त्यात."

"देवाच्या शेंदराने कुणी मरत नाही," असं म्हणून त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि हात पुढे केला.

मी त्यांचं मनगट धरलं. पाय चेपायला, केस विंचरायला, पोट शेकायला त्यांच्या अंगाला मी नेहमीच हात लावला होता. अडवायला म्हणून कधी नाही. त्यांना ते इतकं नवीन होतं की ओरडायला क्षणभर उशीर झाला.

"हात सोड. सोड म्हणते ना! फार शेफारलीस. पासपोर्ट कुठे आहे तुझा? माझ्या कपाटात. जाळून टाकीन. बस मग इथेच माकडांचं हगणं-मुतणं काढत!"

आवाज चढला तशी ठकी थरथरायला लागली. ती माझ्या कडेवर होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं. मग तिने माझी मान सोडली. मी पकडायच्या आत ती वहिनींच्या खांद्यावर गेली, गळ्यात हात टाकले आणि तोंड त्यांच्या गालाला लावलं.

वहिनींचे हात वर आले. खरंच सांगते, आले होते. तिच्या पाठीवर आता टेकणार एवढं अंतर राहिलं. त्यांचे डोळे मिटले.

मग ठकीने पोट घासलं.

वहिनींनी तिला दोन्ही हातांनी धरून भिरकावलं. ती सिमेंटवर आपटली. कुंपणाच्या आतून कळपाचा एकदम आकांत उठला, जाळी हलायला लागली. वहिनी गाल पुसत होत्या, पदराने, पुन्हा पुन्हा, कातडी निघेल असं. मग वाकून त्यांनी ओकारी काढली.

ठकी उठली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. मी खाली बसून हात पसरले. ती माझ्याकडे आली नाही. फरपटत वहिनींकडे निघाली. त्यांच्या पायाशी गेली, वर बघून हात उचलले. वहिनींनी पायाने लोटली. ती कोलमडली, सावरली आणि परत गेली. परत हात वर.

आतापर्यंत मला वासाची किळस आली होती, घाणीची आली होती, मिशीला तूप लावून हसणाऱ्या त्या माणसाची आली होती. त्या घडीला मला ठकीची किळस आली. अगं, ओठ फुटलाय तुझा. लाथ घातली तिने तुला. कशाला जातेस? इतकं कसं काही वाटत नाही तुला? तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

मी जाऊन तिला कमरेत उचललं. तिने वहिनींच्या साडीची निरी धरून ठेवली होती. मी एकेक बोट सोडवलं.

वहिनी दमल्या होत्या. त्यांनी तोंड पुसलं, तबक उचललं. आवाज एकदम रोजचा झाला, घरातला. "चल आता. झाला तमाशा पुरे. गाडीत बस. साहेब सातला येतील, पोळ्या व्हायच्यात."

आणि मी निघाले. माझं पाऊल गाडीकडे पडलं होतं. कुणी ओढलं नव्हतं, मी ठरवलं नव्हतं. ते आपलं आपण गेलं. कडेवर ठकी, तिच्या ओठाचं रक्त माझ्या खांद्यावर गळतंय, आणि माझा पाय गाडीच्या दिशेने.

मी त्या पायाकडे पाहिलं. भेग पडलेली टाच, जोडवं काढल्याची जुनी खूण. मला माझीच किळस आली. बाजारातला तो हात पाहून जसं झालं होतं त्याहून जास्त.

पाय मागे घेतला आणि मी खाली बसले. तिथेच, सिमेंटवर, वहिनींच्या ओकारीपासून हातभर अंतरावर, मांडी घालून. ठकीला मांडीत घेतलं. तिने माझ्या गळ्याशी तोंड खुपसलं. एस्तेरची मावसबहीण बाटली घेऊन आली, ती मी ठकीच्या तोंडाला लावली.

"हौसा, ऐकू येत नाही का?"

"येतंय वहिनी," मी म्हणाले. "कणीक मोठ्या डब्यात आहे. मळून घ्या."